खाटेखालचा स्टोव्ह आणि हिशेबाची वही

गेल्या उन्हाळ्यात आमच्या वस्तीतील नऊ भगिनींचा पापड-मसाल्याचा गट मोडला. भांडण चवीवरून झाले नाही, हिशेबावरून झाले. गट काढा म्हणून आम्हीच त्यांच्या मागे लागलो होतो. पण कचेरीत रोज जमाखर्च पाहणारे आम्ही, त्यांना वही लिहायला शिकवायचे मात्र विसरलो! आज त्या नऊजणी एकेकट्या माल विकतात आणि दुकानदार देईल तो भाव घेतात.

अशा वेळी 'लिज्जत'ची आठवण होते. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातील एका गच्चीवर सात गुजराती गृहिणी पापड लाटायला बसल्या. भांडवल ८० रुपये, तेही उसने. पहिल्या दिवशी माल झाला चार पाकिटे. पावसाळा आला आणि काम चार महिने बंद पडले. ऊनच नाही तर पापड वाळणार कसे? पुढच्या वर्षी त्यांनी खाट व स्टोव्ह आणला. खाटेवर पापड, खाली पेटता स्टोव्ह! अडचणीतून सुचलेली ही युक्ती पुरेशी ठरली.

पैसे देणारे छगनलाल पारेख यांनी त्यांना दोन गोष्टी बजावल्या होत्या. मालाचा दर्जा उतरू देऊ नका आणि हिशेब चोख ठेवा. तिथे पीठ केंद्रावर एकत्र मळतात. भगिनी ते घरी नेतात, लेकरे सांभाळून लाटतात, पापड केंद्रावर परत देतात आणि लाटणावळ घेतात. म्हणून घरे वेगळी असली तरी चव एकच राहते. प्रत्येक भगिनी मालकीण, नफा-तोटा सर्वांचा. आज या कामात चाळीस हजारांहून अधिक भगिनी आहेत. त्या सातजणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली.

आपल्या भगिनींच्या हाताला चव कमी आहे काय? मुळीच नाही. डाळ, मिरची एकत्र घ्या, म्हणजे घाऊक भाव मिळेल. मसाल्याचे प्रमाण एकच ठरवा. वही घरातल्या शिकलेल्या मुलीकडे द्या आणि दर रविवारी सर्वांसमोर मोठ्याने वाचा. झाकलेली वही संशय वाढवते.

येत्या रविवारी आम्ही त्या नऊजणींच्या दारी जाणार आहोत. या वेळी आमच्या हातात कोरी वही असेल.