प्रत्येक रुपयावर आधीच कुणाचं तरी नाव

घरपट्टीची पावती तुम्ही शेवटची कधी नीट वाचली होती? आपण खालचा आकडा बघतो, सुस्कारा सोडतो आणि पावती फाइलीत लावून टाकतो. एकदा वरच्या ओळी वाचा. मालमत्ता कर, स्वच्छता कर, वृक्ष कर, शिक्षण कर. दुकान किंवा गाळा असेल, तर रोजगार हमी कर. आणि मौज अशी, की यातले शेवटचे दोन नगरपरिषदेचे नाहीतच! ती ते फक्त गोळा करते आणि राज्याच्या तिजोरीत भरून मोकळी होते. म्हणजे बुलढाण्याच्या बाजारातला कापडवाला, त्याच्या ध्यानीमनी नसताना, कुठल्या तरी शेततळ्यावर घमेली उचलणाऱ्या मजुराच्या हमीला हातभार लावत असतो.

मग गावाचा स्वतःचा पैसा कुठला?

एके काळी तो नाक्यावर जमायचा. खामगावची नगरपालिका १८६७ ची, बुलढाण्याची १८९३ ची. वऱ्हाडातल्या कापसाने खामगावला एवढं मोठं केलं, की १८७० मध्ये खास त्यासाठी जलंबहून गावापर्यंत रेल्वेचा फाटा आला. गावात माल शिरला की त्यावर जकात. व्यापार वाढला की पालिकेचा गल्लाही वाढणार, इतका सरळ हिशेब. १९९९ मध्ये राज्यातल्या नगरपालिकांची जकात बंद झाली आणि नाक्यावरचा पैसा मुंबईहून येऊ लागला, सहायक अनुदान बनून. गावाची कमाई गावाच्या वेशीवरून मंत्रालयात गेली. एवढा मोठा बदल, पण त्यावर गावात कुणी बोलताना ऐकलंय?

आता खरं आश्चर्य. पिठाच्या गिरणीत रांगेने डबे ठेवलेले असतात आणि प्रत्येकावर नाव लिहिलेलं असतं. सगळे गिरणीवाल्याच्या ताब्यात, पण त्यातलं मूठभर पीठही तो आपल्या घरी नेऊ शकत नाही. नगरपरिषदेचा अर्थसंकल्प बराचसा असाच आहे. कोट्यवधींचा आकडा वाचून आपल्याला वाटतं, केवढा पैसा! पण सहायक अनुदान बरंचसं पगारातच जातं. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळात आपल्याएवढ्या शहरांना जे अनुदान दिलं, त्यातले ६० टक्के बंधित, म्हणजे निम्मे पिण्याच्या पाण्याला आणि निम्मे स्वच्छतेला. त्यातून बाग करता येत नाही, की वाचनालयाला कपाट घेता येत नाही. शिवाय दिव्यांगांसाठी ५ टक्के राखून ठेवायचे, महिला आणि बालकल्याणासाठी ५ टक्के, दुर्बल घटकांसाठी आणखी ५ टक्के. एवढं सगळं झाल्यावर सभागृहाला खऱ्या अर्थाने 'हे करू की ते करू' म्हणता येईल असा पैसा उरतो किती? फार थोडा. आपली सगळी भांडणं मात्र त्या थोड्यावरच!

आणि यादी बघा कामांची. १९९३ पासून अमलात आलेल्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने बारावी अनुसूची जोडली, तिच्यात १८ विषय आहेत: पाणी, रस्ते, अग्निशमन, उद्यानं, कत्तलखाने, स्मशानभूमी, जन्म-मृत्यूची नोंद. माणूस जगात आल्यापासून जाईपर्यंत एकाच कार्यालयाच्या खिडकीशी बांधलेला.

सगळ्यात मोठा मान अर्थात पाण्याचा, आणि आपल्या बुलढाणा जिल्ह्यात ते कसं मिळतं हे पाहण्यासारखं आहे. बुलढाणा घाटावर. शहराला पाणी येतं येळगाव धरणातून. पैनगंगेचा उगम जवळच, त्यामुळे विदर्भभर फिरणारी ही नदी पहिल्यांदा आपल्या नळाला पाणी देऊन मग पुढे जाते. या धरणाचे दरवाजे स्वयंचलित आहेत, गोडबोले दरवाजे. पाणी ठरलेल्या पातळीवर गेलं, की त्याच्याच दाबाने दरवाजा उघडतो. ना वीज, ना बटण दाबणारा माणूस! पण तेच पाणी शुद्ध करून उंच टाकीत चढवायचं म्हटलं, की पंप आले, वीजबिल आलं, तुरटी आणि क्लोरीन आलं. सोडायला फुकट, चढवायला महाग. तुमच्या पाणीपट्टीतला पैसा या चढणीवर खर्च होतो.

घाटाखाली कथा निराळी. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाण पट्टा. विहीर खोदली तर लागणारं पाणी खारट. म्हणून शेगाव, जळगाव जामोद भागाला सातपुड्याच्या पायथ्याशी अडवलेल्या वान नदीकडे पाहावं लागतं. एकाच जिल्ह्यातल्या नगरपरिषदा, कायदा एकच (१९६५ चा), पण कागदावरच्या 'पाणीपुरवठा' या एका ओळीमागे भूगोल वेगवेगळा.

शेगावचं कोडं तर याहून अवघड. २०११ च्या जनगणनेत शहर साठेक हजारांचं. अनुदान ठरवताना मोजली जाते ती राहणारी माणसं. गजानन महाराजांच्या दर्शनाला येणारा लाखोंचा समुदाय त्या मोजणीत कुठेच नाही. पण त्यांना तहान लागते, त्यांचा कचरा होतो, त्यांना शौचालय लागतं. महाराजांच्या संस्थानाची शिस्त आणि स्वच्छता सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. मात्र संस्थानाच्या फाटकाबाहेरचा रस्ता झाडायचा तो नगरपरिषदेनेच. माझ्या मते तीर्थक्षेत्रांना डोकी मोजण्याची वेगळी रीत हवीच.

आणखी एक नवल: दरवर्षीचं अंदाजपत्रक शिल्लकीचं असतं. केंद्र आणि राज्य तूट दाखवू शकतात, नगरपरिषदेला अखेरची शिल्लक दाखवावी लागते. जमा फुगवून लिहिली, की शिल्लक आपोआप दिसते, हा भाग अलाहिदा.

मधली काही वर्षं या कागदांवर लोकांनी निवडलेल्या माणसांची सहीही नव्हती. मुदत संपल्यावर प्रशासक आले, आणि जिल्ह्यातल्या ११ नगरपरिषदांसाठी मतदान झालं ते थेट डिसेंबर २०२५ मध्ये. आता सभागृहात पुन्हा नगरसेवक आहेत, तेव्हा विचारायलाही माणूस आहे.

विचारा. माहिती अधिकार कायद्याच्या (२००५) चौथ्या कलमानुसार अर्थसंकल्प न मागता जाहीर करणं बंधनकारक आहे. तो हातात आला, की नव्या तरतुदींचे आकडे सोडून आधी गेल्या वर्षीच्या प्रत्यक्ष खर्चाचा रकाना वाचा. तुमच्या गल्लीच्या गटारीला, दिव्याला, वाचनालयाला खरोखर किती मिळालं, ते तिथेच लिहिलेलं असतं.