पाण्याचे पांघरूण

खानदेशातील एका शाळेत मी शिक्षक होतो, तेव्हाची गोष्ट. शाळेच्या मागील अंगणात एक मोठा दगडी हौद होता. डासांच्या अळ्या खाऊन फस्त कराव्यात म्हणून त्यात गप्पी मासे सोडलेले होते. एका हिवाळ्यात मुलांच्या आग्रहास्तव मी त्यांतील दहा मासे काचेच्या बरणीत घालून वर्गाच्या खिडकीत ठेवले. दोन दिवस मुलांच्या आनंदाला पारावार उरला नाही. तिसऱ्या रात्री कडाक्याची थंडी पडली. सकाळी पाहतो, तो बरणीतील एकही मासा जिवंत नव्हता. हौदातील त्यांचे भाऊबंद मात्र, मंदपणे का होईना, पोहत होते. एका मुलाने डोळे पुसत विचारले, “गुरुजी, थंडी तर दोहोंकडे सारखीच होती. मग आपलेच मासे का मेले?”

या प्रश्नाचे उत्तर मला पुढे अभ्यासाने उमगले. तेच आज तुम्हांला सांगतो.

मनुष्य आपल्या देहाची ऊब स्वतः निर्माण करतो. बाहेर थंडी असो वा ऊन, निरोगी माणसाच्या शरीराचे उष्णतामान सुमारे ३७ अंश सेल्सिअस राहते. या माशांचे तसे नाही. भोवतालचे पाणी जितके उष्ण, जवळजवळ तितकेच त्यांचे शरीर उष्ण. पाणी गार झाले, की त्यांची हालचाल मंदावते, अन्न पचेनासे होते आणि रोगाशी झुंजण्याची शक्ती ओसरते. पाणी हेच त्यांचे घर आणि पाणी हेच त्यांचे पांघरूण.

पातेल्यातील दूध निवण्यापूर्वीच पेल्यातील दूध निवते, हे तुम्ही रोज पाहता. पाण्याचेही तसेच आहे. साठा जेवढा मोठा, तेवढा त्याला तापण्यास व निवण्यास वेळ अधिक लागतो. हौदाने दिवसाची ऊब रात्रभर राखली. बरणीने ती थोड्याच वेळात गमावली. मासे थंडीने मेले हे खरे. पण त्या थंडीच्या तोंडी त्यांना दिले ते माझ्या अज्ञानाने.

गप्पी, मोली, प्लॅटी आणि स्वोर्डटेल या माशांच्या माद्या पाण्यात अंडी घालीत नाहीत. अंडी त्यांच्या उदरातच वाढतात आणि पोहती पिल्लेच जन्मास येतात. गप्पी हा मूळचा त्रिनिदाद बेटातील व दक्षिण अमेरिकेच्या ईशान्य भागातील. त्रिनिदादहून रॉबर्ट गप्पी यांनी लंडनला पाठविलेल्या नमुन्यांवरून १८६६ मध्ये त्याला त्यांचे नाव मिळाले. प्लॅटी व स्वोर्डटेल हे मेक्सिको आणि मध्य अमेरिका येथील रहिवासी. या सर्वांना २४ ते २६ अंश उष्णतामान मानवते. अशा पाण्यात गप्पीची मादी साधारणतः चार आठवड्यांनी पिल्ले घालते. पाणी गार असल्यास हा काळ लांबतो.

मग पाणी जितके ऊन तितके चांगले काय? मुळीच नाही. पाणी तापले, की माशाला प्राणवायू अधिक लागतो. आणि नेमका तेव्हाच पाण्यातील प्राणवायू कमी होतो. २० अंशांच्या एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, तर ३० अंशांच्या पाण्यात केवळ साडेसात. म्हणून वैशाखात मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडू-मिटू लागतात. अशा वेळी पाण्यात बर्फ टाकू नये. पेटी सावलीत ठेवावी, वर जाळीचे कापड घालून पंख्याचा वारा द्यावा. ज्या कारणाने माठातील पाणी गार होते, त्याच कारणाने पेटीतील पाणीही हळूहळू निवते.

‘हळूहळू’ हा शब्द मात्र विसरू नका. एक-दोन अंशांच्या कमी-अधिकाने मासा सहसा मरत नाही. अचानक झालेला मोठा बदल त्याला सोसत नाही. म्हणून नवे मासे पिशवीसह पंधरा-वीस मिनिटे पेटीत तरंगत ठेवावेत, मग पाण्यात सोडावेत. पाणी बदलताना सगळे न बदलता चौथा हिस्सा बदलावे. नळाच्या पाण्यातील क्लोरीन उडून जावा म्हणून ते रात्रभर उघडे ठेवतात. पण ते अंगणात न ठेवता पेटीच्याच खोलीत ठेवावे, म्हणजे दोहोंचे उष्णतामान सारखे होईल. हिवाळ्यात आपोआप बंद-चालू होणारा विजेचा तापक वडील माणसांकडून बसवून घ्यावा आणि पाण्यात हात घालण्यापूर्वी त्याची वीज बंद करावी.

पुढच्या हिवाळ्यात आम्ही मोठी काचपेटी आणली आणि ती खिडकीपासून दूर ठेवली. प्रश्न विचारणारा तो मुलगा रोज सकाळ-संध्याकाळ उष्णतामापक पाहून फळ्याच्या कोपऱ्यात आकडा लिहू लागला. जानेवारीतल्या एका सकाळी त्याने आकड्याखाली आणखी एक ओळ लिहिली, “गुरुजी, पिल्ले झाली!”

माशाला थंडी वाजली, तरी तो सांगू शकत नाही. ज्याने त्याला घरी आणले, त्यानेच ती ओळखली पाहिजे.