मुक्त अप्रत्यक्ष कथन आणि इंग्रजी काळव्यवस्था

प्रत्यक्ष कथनाचे अप्रत्यक्ष कथन करण्याचा सराव इंग्रजी शिकताना आपण सर्वांनीच केलेला असतो. प्रथमपुरुषाचा तृतीयपुरुष करावयाचा, वर्तमानकाळ भूतकाळात ढकलावयाचा, 'उद्या'च्या जागी 'दुसऱ्या दिवशी' घालावयाचे. या नीरस कवायतीतच इंग्रजी कादंबरीच्या एका अत्यंत सूक्ष्म साधनाचे मूळ आहे, हे मात्र वर्गात क्वचितच सांगितले जाते.

चिंतेत पडलेल्या एखाद्या विद्यार्थ्याविषयी इंग्रजी कादंबरीकार जे लिहील, ते शब्दशः मराठीत मांडावयाचे तर असे होईल : 'उद्या परीक्षा होती.' यातील भूतकाळ निवेदकाचा. 'उद्या' मात्र त्या मुलाचा. 'त्याला वाटले' हे उपवाक्य गळले, व्याकरणाचे नियम अर्धेच पाळले गेले, आणि एका वाक्यात दोन आवाज नांदू लागले. शार्ल बाली या स्विस भाषाशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये फ्रेंचच्या संदर्भात या रीतीस 'मुक्त अप्रत्यक्ष शैली' असे नाव दिले. जेन ऑस्टेनने ती जवळजवळ शंभर वर्षे आधीच सराईतपणे योजिली होती. १८१५ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या 'एमा'मध्ये, एल्टन हा हॅरिएटवर अनुरक्त आहे ही नायिकेची भ्रामक समजूत निवेदनाच्याच निश्चयी सुरात येते. प्रथम वाचनी वाचक सहज फसतो. दुसऱ्या वाचनात तीच वाक्ये उपरोधाची ठरतात.

अशा वाक्याचा धनी कोण, हे न ओळखणे महागात पडते. १८५७ मध्ये 'मादाम बोव्हारी'वर पॅरिसमध्ये चाललेल्या खटल्यात सरकारी वकिलाने नायिकेचे मनोगत लेखकाच्या माथी मारले होते. फ्लोबेर सुटला, परंतु कादंबरीतील सुटी वाक्ये उचलून लेखकाचे 'जीवनविषयक तत्त्वज्ञान' सांगणारे आपले काही प्रबंध अद्याप त्या वकिलाच्याच वाटेने जातात.

अनुवादकाची अडचण याहून निराळी आहे. मराठीच्या अप्रत्यक्ष कथनात काळ सरकत नाही : 'तो म्हणाला, की मी उद्या येईन', असेच आपण म्हणतो. त्यामुळे 'उद्या परीक्षा होती' या वाक्यात मराठी वाचकाला दोन आवाज ऐकू येत नाहीत. ठरलेली परीक्षा रद्द झाली, असेच त्याला वाटते! 'उद्या परीक्षा. आता माझे कसे होणार?' असे लिहिले तर मुलगा बोलतो, पण निवेदक नाहीसा होतो. मला वाटते, येथे काळाचा हट्ट सोडून सर्वनामावर भिस्त ठेवावी : 'उद्या परीक्षा. आता त्याचे कसे होणार?' 'त्याचे' या एका शब्दाने निवेदक वाक्यात टिकून राहतो. अर्थात मागचापुढचा संदर्भ भक्कम हवा. नाहीतर ही चिंता मुलाच्या आईची वाटावयाची.