बास पंचांग पाहत नाही

‘वसंतात बास काठाला येतो, उन्हाळ्यात तळ गाठतो आणि हिवाळ्यात तोंडच उघडत नाही.’ अमेरिकेतल्या तळ्यांवर गळ टाकायला शिकणाऱ्याला हे वेळापत्रक हमखास ऐकायला मिळतं. ते अर्धंच खरं आहे. लार्जमाउथ बास महिना नव्हे, पाण्याचं तापमान पाळतो. त्याचा विणीचा काळ फ्लोरिडात जानेवारीतही सुरू होतो; कॅनडाच्या ओंटारियोत मे-जून उजाडावा लागतो.

आपल्याकडे बास म्हटलं की जिताडा आठवतो. पण हा त्याचा सख्खा काय, चुलत भाऊही नाही. जिताडा खाडीतला, खाऱ्या पाण्याकडे जाऊन अंडी घालणारा. लार्जमाउथ उत्तर अमेरिकेच्या गोड्या पाण्यातल्या सनफिश कुळातला.

हिवाळ्यात तो खात नाही, हे खरं नाही. थंड पाण्यात त्याचं शरीर मंदावतं, पचन रेंगाळतं, म्हणून भूक कमी होते, एवढंच. भराभर ओढलेल्या आमिषामागे तो धावत नाही. जिग, म्हणजे वजन लावलेला गळ, तळाशी टेकू द्यावा, किंचित उचलावा, पुन्हा थांबावं. अशा वेळी हिसका बसत नाही. दोरी नुसती जड लागते, आणि घाईचा माणूस ते शेवाळ समजतो.

‘उन्हाळ्यात जितकं खोल, तितका मासा’ हे तर साफ चूक. खोल तळ्यात वरचं कोमट, हलकं पाणी आणि खालचं थंड, जड पाणी एकमेकांत मिसळत नाही. खालच्या थरातला प्राणवायू कुजणाऱ्या गाळात संपत जातो. तिथे बास टिकणार कसा? दुपारी तो त्या थराच्या वर किंवा पाणवनस्पतींच्या सावलीत असतो, आणि पहाटे, संध्याकाळी, कधी रात्रीही उथळ पाण्यात शिकारीला येतो. शरदात पाणी निवू लागलं की तो लहान माशांच्या थव्यांमागे फिरतो; थवा सापडला तर बास सापडतो.

सगळ्यात महाग पडणारा गैरसमज वसंतातला आहे: ‘पकडून लगेच सोडला तर काय बिघडतं?’ पाणी साधारण 15 ते 18 अंश सेल्सिअसला आलं की नर उथळ, टणक तळावर शेपटीने गाळ झाडून खळगा करतो. झाडून झाडून शेपटीची कड फाटते. मादी अंडी घालून निघून जाते. राखण एकट्या नराची. अंडी काही दिवसांत फुटतात, पण पिल्लं स्वतंत्र होईपर्यंत तो हलत नाही. घरट्याजवळ येणाऱ्या गळावर तो धावतो, ते बहुधा भुकेने नव्हे, राखणीसाठी. त्याला वर उचलून फोटो काढेपर्यंत आसपास टपलेले ब्लूगिल मासे घरट्यावर तुटून पडतात. परतलेल्या नराला पुरेशी अंडी उरलेली दिसली नाहीत, तर तो घरटं सोडूनही देतो. एक मासा जिवंत सुटला, हजारो पिल्लं गेली.

म्हणूनच दक्षिण ओंटारियोत बऱ्याच पाण्यांवर जूनच्या उत्तरार्धापर्यंत बासची मासेमारी बंद असते. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत अशी बंदी नाही. तिथे परवाना खिशात असला तरी घरटं दिसताच गळ दुसरीकडे टाकावा, असं मला मनापासून वाटतं. मोठ्या माशाच्या मोहानेही तिथे थांबण्यात अर्थ नाही. भरघोस वजनाचे बास बहुतेक माद्याच असतात, आणि अंडी घातल्यावर मादी त्या खळग्यावर राहत नाही.