सोंगाड्या चुकतो तेव्हा

कलापथकाचं बिल कशावर अडतं, हे बाहेरच्याला ठाऊक नसतं. दोन तास घसा फोडला तरी शिक्क्याचा दाखला आणि गर्दी दिसेल असा फोटो नसेल, तर कागद माघारी येतो. खेड्यात ग्रामपंचायत गाठायची, मलकापुरात नगरपरिषद. त्यामुळे बाजारपेठेत हलगी कडाडायला लागली की आमच्यातला एकजण आधी सही शोधत सुटतो.

दुसरी अडचण संहितेची. ती वरून, सरकारकडून येते आणि एकाच वगात सगळं मागते : सर्पदंश, डेंग्यू, क्षयरोग, शिवाय हात धुणं. शाहूवाडी तालुका म्हणजे भात, जंगल आणि धो धो पाऊस. इथं लोकांना खरी गरज सर्पदंशाची. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि बऱ्याचदा कळतही नाही. मच्छरदाणी नीट खोचली तर निम्मं काम होतं. पण संहितेत हे सांगायला पांढऱ्या कोटातला डॉक्टर होता. तो बोलायला लागला की पब्लिक भेळेच्या गाड्याकडे.

शेवटी आमच्या सोंगाड्यानं डॉक्टरच कापला. स्वतः झाला साप चावलेल्याचा मेहुणा. दाजींच्या पायाला काचेल अशी दोरी आवळली, ब्लेड काढलं, वर देवऋषाला हाळी दिली. तेवढ्यात पुढं बसलेली एक म्हातारी उठली, ‘‘मुडद्या, सोड ती दोरी! दवाखान्यात घाल की त्याला!’’ मागून बायांचा गलका. दोरी आवळू नये, चिरा देऊ नये, पाय हलू न देता दवाखाना गाठावा, लस तिथंच मिळते, सगळं त्यांनीच सांगून टाकलं. शाहिराला नुसतं ‘जी जी’ म्हणायचं उरलं.

तेव्हापासून चूक आम्ही मुद्दाम लिहून घेतो. युक्ती आमची नव्हेच. गाडगेबाबा (1876–1956) दिवसा खराट्यानं गाव झाडत आणि रात्री कीर्तनात लोकांना प्रश्न विचारून उत्तर त्यांच्याच तोंडून काढत. त्यांना संहिता मंजूर करून घ्यावी लागत नव्हती, एवढाच फरक.

मंगोलियात तर अशाच एका चुकलेल्याच्या गोष्टीनं थेट ताटात हात घातलाय. एर्खी मेर्गेन नावाच्या तिरंदाजानं सात सूर्य पाडायचा पण केला. सहा पडले, सातव्याच्या आड पाकोळी आली, बाण हुकला, आणि शरमेनं तो मार्मोट नावाचा प्राणी होऊन बिळात शिरला. म्हणून मार्मोटच्या मांसाचा एक तुकडा ‘माणसाचा’ मानून खात नाहीत. हाच प्राणी तिथं प्लेग पसरवतो. अर्थात गोष्ट म्हणजे लस नव्हे. 2019 मध्ये बायान-उल्गी प्रांतात कच्चं मार्मोट खाऊन एक जोडपं प्लेगनं दगावलंच.

आमच्या वगाला मात्र शेरा बसला : ‘सरकारी बॅनरखाली चुकीची माहिती दिली.’ सोंगाड्यानं पहिल्यापासूनच बरोबर वागावं, अशी सूचना आली. बरीच घासाघीस झाल्यावर तोडगा निघाला. ब्लेड गेलं, दोरी राहिली, आणि ती बांधण्याआधी शाहिरानं ‘हे करू नये’ असं माइकवर बजावायचं. म्हणजे म्हातारीचं वाक्य शाहिराला गेलं.

सोंगाड्या महिनाभर फुगून होता. म्हणाला, ‘‘सगळेच शहाणे झाल्यावर मी काय दाखला धरून उभा राहू?’’