पायलट व्हायचंय? आधी हँगरमध्ये डोकावा

जून २०२५ मध्ये होटगी रोडच्या विमानतळावरून गोव्याचं विमान सुरू झालं, ऑक्टोबरात मुंबईचंही. तेव्हा सोलापूरच्या बारावीच्या मुलाला पायलट व्हावंसं वाटलं तर नवल नाही. पण त्याच्यासाठी सांगोल्यातली डाळिंबाची बाग गहाण टाकण्याआधी काही समज तपासून घ्यावेत.

पहिला समज, विमान चालवायला शिकवणारी शाळा मोठ्या शहरातलीच चांगली. प्रत्यक्षात गर्दीची धावपट्टी शिकाऊ पायलटच्या कामाची नाही. त्याला एकाच धावपट्टीवर पुन्हा पुन्हा उतरायचं, पुन्हा उडायचं असतं. जे. आर. डी. टाटा १९२९ मध्ये ज्या बॉम्बे फ्लाइंग क्लबमध्ये शिकले, त्याचंही विमान चालवायला शिकवण्याचं काम पुढे धुळ्याला गेलं. गोंदिया, बारामती ही नावं म्हणूनच या धंद्यात मोठी. सोलापूरकराला बारामती आणि कलबुर्गी जवळ.

‘डीजीसीएची मान्यता आहे, मग काळजी कसली?’ डीजीसीए म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय; त्याची मान्यता म्हणजे किमान पात्रता, पहिला नंबर नव्हे. डीजीसीएने १ ऑक्टोबर २०२५ पासून शाळांना श्रेणी द्यायला सुरुवात केली. पहिल्या यादीत वरच्या दोन श्रेणींत देशातली एकही शाळा बसली नाही. ही यादी दर सहा महिन्यांनी बदलते, ताजी पाहा.

सगळ्यात महागात पडणारा समज म्हणजे, ‘वर्षभरात लायसन्स हातात.’ व्यावसायिक लायसन्सला २०० तासांचं उड्डाण लागतं. महिन्याला वीस तास मिळाले तर दहा महिने, दहा मिळाले तर वीस. आणि दहाच का मिळतात? विमानं जमिनीवर असतात म्हणून. माहितीपत्रकात बारा विमानं छापलेली असतात; हँगरमध्ये गेलं की एकाचं इंजिन उतरवलेलं, दुसरं सुट्या भागाची वाट बघत धूळ खात उभं. शिक्षक सोडून गेलेला, पाऊस लागलेला, हे वेगळंच. म्हणून ऑफिसात फी विचारण्याआधी गेटबाहेरच्या टपरीवर जुन्या मुलांना विचारा, ‘गेल्या महिन्यात किती तास उडालास?’ खरं उत्तर तिथं मिळतं. आज उडणारी विमानं किती आणि मुलं किती, हा दुसरा प्रश्न. सगळी फी एकरकमी मागत असतील, तर मी तरी उठून येईन.

‘शंभर टक्के नोकरी’ ही जाहिरात आहे, करार नाही. लायसन्सनंतर एअरबससारख्या विमानाचं टाइप रेटिंग, म्हणजे त्या विशिष्ट विमानाचं प्रशिक्षण, करावं लागतं, त्याचे लाखो रुपये बहुधा वेगळे मोजावे लागतात. परदेशात शिकलात तरी इथं परीक्षा देऊन लायसन्स बदलून घ्यावं लागतंच.

पात्रतेबद्दलही गैरसमज आहेत. चष्मा असला तरी चालतं, फक्त त्यानं दृष्टी पूर्ण हवी. रंगांधळेपणा मात्र अडवू शकतो. आर्ट्स-कॉमर्सवाल्यांना यासाठी लागणारं बारावीचं फिजिक्स आणि गणित एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त शाळेतून देता येतं.

पायलटसाठी लागणाऱ्या क्लास टू आणि क्लास वन या दोन्ही वैद्यकीय तपासण्या शाळेत पैसे भरण्याआधी करून घ्या. पन्नास लाखांच्या आसपास जाणाऱ्या या खर्चात सगळ्यात स्वस्त काम तेच आहे.