दीडशेच्या उंबरठ्यावर न्यू इंग्लिश स्कूल

पुण्याचे न्यू इंग्लिश स्कूल २०३० मध्ये १५० वर्षांचे होईल. या शाळेवर ज्यांचे ऋण आहे, त्यांचे हे कृतज्ञ स्मरण.

■ स्थापना : जानेवारी १८८०. विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी सरकारी नोकरी सोडली आणि बाळ गंगाधर टिळक व माधवराव नामजोशी यांच्या साथीने शाळा उभी केली. वामन शिवराम आपटे आणि गोपाळ गणेश आगरकर लवकरच त्यांना येऊन मिळाले.

■ पडत्या काळातील आधार : कोल्हापूर बदनामी खटल्यात १८८२ मध्ये टिळक-आगरकरांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. खटल्याच्या वेळी त्यांच्या जामिनासाठी महात्मा जोतीराव फुले यांनी पुढाकार घेतला. मतभेद असतानाही दिलेला हा हात पुण्याने कधी विसरू नये.

■ संस्थेचा विस्तार : १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालय. ज्यांचे नाव महाविद्यालयाला मिळाले, त्या गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांनी देणगी दिली होती.

■ सर्वांत मोठे देणगीदार : शिक्षक. संस्थेचे आजीव सदस्य झालेले शिक्षक तुटपुंज्या वेतनावर २० वर्षे सेवेची शपथ घेत. गोपाळ कृष्ण गोखले यांनी ती निष्ठेने पाळली.

खासगी शाळा पैशावर सुरू होते, पण टिकते ती माणसांवर. देणगीदार, शिक्षक, शिपाई आणि विश्वासाने मुले सोपवणारे पालक, या साऱ्यांना मनःपूर्वक वंदन.